उजव्या हाताला नदी



जबलपुरात चित्रकलेवर बोलायला उभे राहिलेल्या माणसाला अमृतलाल वेगडांपाशी यावेच लागते. कच्छहून आलेल्या कुटुंबात, याच शहरात, ३ ऑक्टोबर १९२८ रोजी त्यांचा जन्म झाला. १९४८ ते १९५३ ही वर्षे ते शांतिनिकेतनात नंदलाल बोसांपाशी शिकले, परत येऊन इथल्या कला निकेतनात त्यांनी शिकवले आणि ६ जुलै २०१८ रोजी त्यांचे निधन झाले. १९७७ च्या ऑक्टोबरात, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, ते जबलपूरहून मंडल्याकडे पायी निघाले आणि पुढे कित्येक वर्षे नर्मदेच्या काठाने टप्प्याटप्प्याने चालत राहिले. त्या चालण्यातून हिंदी आणि गुजराती प्रवासवर्णने निघाली. ‘सौंदर्यनी नदी नर्मदा’ या गुजराती पुस्तकाला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. लेखक म्हणून त्यांचा मान झाला आणि तो योग्यच होता. त्यांची चित्रे मात्र पुस्तकाची सजावट समजून पाहिली गेली. वाचक रेखाटनाच्या पानावर क्षणभर थांबतो आणि पुढच्या मजकुराकडे वळतो. वेगड आधी चित्रकार होते आणि नदीकाठाला रेखाटनाची वही घेऊन गेले होते, हे लक्षात घेऊन त्या चित्रांना एक प्रश्न विचारायचा आहे: यांत पुराण कुठे आहे?

प्रश्न साधा दिसतो, पण नदी साधी नाही. शंकराच्या घामातून जन्मलेली म्हणून ती शांकरी. मेकल पर्वताची लेक म्हणून मेकलसुता. स्कंदपुराणाचे रेवाखंड तिच्या नावाने उभे आहे आणि मत्स्यपुराणात तिचे माहात्म्य आहे. शोणाशी ठरलेले लग्न जोहिलेमुळे मोडले आणि ती रुसून पश्चिमेला वळली, ही लोककथा अमरकंटकापासून पुढे सगळा काठ सांगतो. इतक्या कथांनी वेढलेल्या नदीवरची चित्रे म्हटल्यावर मकरावर बसलेली देवी, जटाधारी शंकर, तप करणारा मार्कंडेय यांची आपण वाट पाहतो. वेगडांच्या रेखाटनांत आणि छापील रंगीत कागदाचे तुकडे चिकटवून केलेल्या त्यांच्या कोलाजांत आपल्याला भेटतात त्या डोक्यावर घडे घेतलेल्या बायका, घाटावर न्हाणारी माणसे, होडीत दाटीने बसलेले लोक, चुलीपाशी वाकलेले परिक्रमावासी. देव जवळजवळ नाहीच. त्यावरून काहींनी निष्कर्ष काढला आहे की ही लोकजीवनाची चित्रे आहेत, पुराणाशी त्यांचे नाते पार्श्वभूमीपुरते. माझे म्हणणे नेमके याच्या विरुद्ध आहे. या चित्रांत पुराण विषय म्हणून आलेले नाही. ते चालण्याचा नेम होऊन आले आहे. कुठे उभे राहायचे, काय दिसायचे आणि काय दिसायचेच नाही, हे पुराणाने घालून दिलेल्या नेमाने ठरवले आहे. चित्रात शिरण्याची ही वाट देवाचे रूप रंगवण्यापेक्षा खोल जाते.

हे पटवायचे तर आधी दुसऱ्या वाटेचा मान राखून विचार केला पाहिजे. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी राजा रविवर्म्यांना चौदा पौराणिक चित्रे काढायला सांगितली. त्या कामासाठी रविवर्मा आणि त्यांचे धाकटे बंधू राजराज वर्मा हिंदुस्थानभर हिंडले. दमयंती, शकुंतला, द्रौपदी यांना नेसवायचे काय, या प्रश्नाने त्यांना घराबाहेर काढले होते. केरळचे वस्त्र केरळचे, बंगालचे बंगालचे. सगळ्या देशाला आपली वाटेल अशी नायिका त्यांना हवी होती. त्या शोधाचा शेवट साडीपाशी झाला आणि त्यांच्या कितीतरी नायिका आपल्या नऊवारीत उभ्या राहिल्या. पुढे १८९४ साली मुंबईत सुरू झालेला आणि नंतर मळवलीला गेलेला त्यांचा छापखाना ही चित्रे घराघरांत घेऊन गेला. मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे आज जी लक्ष्मी आणि जी सरस्वती येते ती त्याच छापखान्यातली. हाही प्रवासच होता आणि त्यातूनही पुराणचित्रे झाली. पण त्या प्रवासाचे काम वेचण्याचे होते. चित्रकार हिंडला, चेहरे, दागिने, वस्त्रे घेऊन परतला आणि चित्र चित्रशाळेत उभे राहिले. चित्र पुरे झाल्यावर प्रवासाची खूण त्यात उरायची गरज नव्हती. किंबहुना ती पुसली गेली तरच नायिका सगळ्या देशाची होणार होती.

योगायोग असा की त्याच बडोद्यात, त्याच सयाजीरावांनी बांधवलेल्या कीर्तिमंदिराच्या भिंतीवर १९३९ साली नंदलाल बोसांनी गंगावतरण रंगवले. रविवर्म्यांनीही हा प्रसंग केलेला आहे. कमरेवर हात ठेवून वर पाहणारा त्यांचा शंकर आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. तो नाटकाच्या रंगमंचावरचा, अंगात मांस आणि वजन असलेला शंकर आहे. नंदलालांच्या भिंतीवर मात्र छायाप्रकाशाचे वजन उतरले आहे आणि चित्र रेषेवर उभे आहे. ही रेषा त्यांनी चित्रशाळेत बसून मिळवली नव्हती. १९०९ साली ते अजिंठ्याला जाऊन लेडी हेरिंगहॅम यांच्या चमूत भित्तिचित्रांच्या नकला करीत होते, आणि १९२१ साली बाघच्या लेण्यांत. बाघ धार जिल्ह्यात, नर्मदेच्याच खोऱ्यात आहे. उमेदवारीच्या काळात सती आणि विषपान करणारा शिव रंगवणारा हा चित्रकार १९३८ च्या हरिपुरा काँग्रेससाठी फलक करायला बसला तेव्हा त्याने ढोलकरी, सुतार, सूत कातणारी बाई, दळणारी बाई यांना कमानीच्या चौकटीत बसवले. पूर्वी देवासाठी राखलेली जागा त्यांनी ढोलकऱ्याला दिली. देव नाकारून हे झाले नाही; गंगावतरण तर हरिपुऱ्याच्या पुढच्याच वर्षीचे आहे. एकाच हाताला दोन्ही शक्य होते, हे ध्यानात ठेवायला हवे, कारण वेगडांची चित्रे याच हाताखाली घडली.

याच परंपरेत जबलपूरचे दुसरे नाव येते ते ब्योहार राममनोहर सिन्हा यांचे. भारतीय संविधानाच्या मूळ हस्तलिखित प्रतीतले उद्देशिकेचे पान त्यांनी सजवले, आणि त्यावर त्यांची ‘राम’ ही सही आहे. नंदलालांच्या देखरेखीखाली झालेल्या त्या प्रतीत लंका जिंकून सीतेला परत आणणारा राम आहे, अर्जुनाला सांगणारा कृष्ण आहे आणि दांडीला निघालेले गांधीजीही आहेत. पुराणातला प्रवास आणि इतिहासातला प्रवास एकाच ग्रंथात, एकाच रेषेच्या वळणात बसले, याचे श्रेय त्या शाळेला आहे. सिन्हांच्या कामावर स्वतंत्र व्याख्यान व्हायला हवे. आज मी वेगडांकडे परततो.

नर्मदापरिक्रमेचा नेम काय सांगतो? नदी सतत उजव्या हाताला ठेवायची. पात्र ओलांडायचे नाही. समुद्रसंगमापाशी होडीने जो काय वळसा घालायचा तेवढाच. काठ शक्यतो सोडायचा नाही. संग्रह करायचा नाही, मिळेल ते सदावर्त घ्यायचे. चातुर्मासात थांबायचे. उगम ते संगम नदीची लांबी १,३१२ किलोमीटर आणि चालणे त्याच्या दुपटीहून अधिक. परंपरेने त्याला तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवस ठरवून दिले आहेत. भाविक याकडे पुण्याचा हिशेब म्हणून पाहतो. चित्रकाराच्या डोळ्यांनी पाहिले तर ही पाहण्याची एक कडक शिस्त आहे. नर्मदा पश्चिमेला वाहते. नदी उजवीकडे ठेवायची म्हणजे दक्षिण तटावरून पश्चिमेकडे जायचे आणि उत्तर तटावरून पूर्वेकडे यायचे. परिक्रमा मुख्यत्वे हिवाळ्यात चालते आणि तेव्हा सूर्य दक्षिणेला कललेला असतो. दक्षिण तटावरून नदीकडे पाहणाऱ्याच्या पाठीवर ऊन असते. पाणी, पलीकडचा काठ, घाटाचे दगड सगळे उजळून दिसते, रंग मोकळे होतात. उत्तर तटावर तोच माणूस उन्हाच्या समोर उभा राहतो. पाणी चमकते आणि काठावरची माणसे काळ्या आकृती होऊन जातात, चेहरे हरवतात, अंगाचा बाक आणि डोक्यावरचा घडा तेवढा उरतो. एकाच नदीची ही दोन चित्रे नेमाने वाटून दिली आहेत. इथे निवड चित्रकाराची नाही.

निवड नसणे म्हणजे काय, हे भेडाघाटाला सर्वांत स्पष्ट कळते. संगमरवरी कडे पाहायचे ते होडीत बसून, हे आपल्याला इतके सवयीचे झाले आहे की त्याखेरीज कडे पाहता येतील असे मनातही येत नाही. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज प्रवाशांपासून आजच्या पर्यटनाच्या छायाचित्रापर्यंत दृश्य तेच: खाली पाणी, दोन्हीकडे पांढरे कडे, मध्ये होडी. परिक्रमावाशाला होडी वर्ज्य आहे. त्याला कडे दिसतात ते वरून, काठाच्या वाटेने, तुकड्यातुकड्याने. निसर्गसौंदर्याच्या शोधात हिंडणाऱ्या चित्रकारांची परंपरा मोठी आहे. थॉमस आणि विल्यम डॅनियल हे काका-पुतणे हिंदुस्थानभर फिरले आणि १७९५ ते १८०८ या काळात त्यांनी १४४ चित्रांचा संग्रह छापला. आपल्या पुण्याच्या गंगाराम तांबटांनी पेशवाईत वेरूळला जाऊन लेणी रेखाटली. या कामात मराठी हातही होता, हे आपण फारसे सांगत नाही. या साऱ्यांची रीत एकच होती. उत्तम जागा शोधायची, लागेल तर नदी ओलांडायची, टेकडी चढायची आणि दृश्य नीट बसले की वही उघडायची. परिक्रमेतल्या चित्रकाराला दृश्य असे मागता येत नाही. जे वाटेवर येते ते काढायचे. आणि वाटेवर सर्वांत जास्त काय येते? माणसे. घाट उतरणारी, पाणी भरणारी, भाकरी देणारी, पुढच्या मुक्कामाची चौकशी करणारी. वेगडांच्या वहीत देखाव्यांपेक्षा माणसे अधिक का, याचे उत्तर त्यांच्या स्वभावात आहेच, पण त्याहून अधिक ते सदावर्तावर चालण्याच्या रीतीत आहे. ज्याच्या जेवणाची सोय समोरच्या माणसावर अवलंबून आहे तो त्या माणसाला नीट पाहतो.

भेडाघाटाच्याच माथ्यावर चौसष्ट योगिनींचे देऊळ आहे. कलचुरींच्या काळातले, दहाव्या शतकाच्या आसपासचे, वर्तुळाकार, ८१ ओवऱ्यांचे. मधल्या गाभाऱ्यात शिव-पार्वती आहेत आणि ती बसलेली आहेत नंदीवर. लोक या मूर्तीला लग्नाच्या वरातीची मूर्ती समजतात. प्रवासाला निघालेले दैवत मधोमध, आणि त्याच्याभोवती माणसांनी उजवा हात आत ठेवून फिरायचे. या आवारात प्रदक्षिणा घालणारा भाविक योगिनींच्या मूर्ती एकामागून एक, ओवरीच्या क्रमाने पाहतो. सगळ्या एकदम पाहण्याची त्याला घाई नसते. हजार वर्षांपूर्वीच्या स्थपतीला चालणे आणि पाहणे वेगळी वाटत नव्हती. नर्मदेची परिक्रमा म्हणजे हीच प्रदक्षिणा, नदीएवढी केलेली. वेगडांनी रेखाटनांच्या मालिका केल्या, एकच भव्य चित्र करायच्या मागे ते लागले नाहीत, याचे मूळ मला इथे दिसते.

यावर आक्षेप येतील आणि ते टाळून चालणार नाही. पहिला आक्षेप वेगडांच्या स्वतःच्या भूमिकेवरून येतो. त्यांनी पुस्तकाच्या नावातच सौंदर्य ठेवले आहे, पुण्य नव्हे. परिक्रमाही त्यांनी सलग केली नाही, नोकरी आणि संसार सांभाळून खंडाखंडाने केली. मग नेम कुठला? याला माझे उत्तर असे की नेमाचा परिणाम श्रद्धेच्या मोजमापावर अवलंबून नसतो. ज्याने पायी जायचे ठरवले, काठ धरून जायचे ठरवले आणि मुक्कामाला गावावर विसंबायचे ठरवले, त्याच्या डोळ्यांवर नेमाने आपले काम केलेच. खंड पडल्याने मुक्काम वाढले. वाट बदलली नाही. आणि सौंदर्य शोधायला निघालेल्या माणसाने एवढी मोठी नदी सोयीच्या वाटेने न पाहता परिक्रमेच्या वाटेने पाहिली, सत्तरी उलटल्यावर पुन्हा तिच्याकडे गेला, यातच त्याची निवड आहे. सौंदर्यही या नेमातून पाहिल्यावरच पूर्ण दिसते, असे त्याला वाटले असले पाहिजे.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. घडे घेतलेल्या बायका हरिपुऱ्याच्या फलकांत आहेत, शांतिनिकेतनातल्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या वहीत आहेत. वेगड दुसऱ्या कोणत्याही नदीकाठी गेले असते तरी असेच काढले असते. रेषेपुरते हे खरे आहे. गुरूची रेषा त्यांच्या हातात होती आणि त्यांनी ती कधी लपवली नाही. पण हरिपुऱ्याचा ढोलकरी चौकटीत एकटा आहे. त्याला गाव नाही, दिशा नाही. तो साऱ्या देशाचा ढोलकरी आहे, आणि त्या प्रसंगाला तेच हवे होते. वेगडांची माणसे त्यांच्या मजकुराशेजारी येतात आणि त्या मजकुरात घाट, गाव, उपनदी यांची नावे क्रमाने असतात. चित्रातली बाई कोणत्या दोन मुक्कामांमधली आहे, हे वाचकाला कळते. रविवर्म्यांनी नायिका सगळ्या देशाची करण्यासाठी जे पुसले, ते वेगडांनी राखून ठेवले. पुराणे आणि माहात्म्येही नदी अशीच सांगतात: इथे हे तीर्थ, त्याच्यापुढे ते. रेवाखंडाचा आराखडा तीर्थांच्या मालिकेचा आहे, आणि या चित्रांचाही. इतके जवळचे साम्य केवळ लोकजीवनाच्या आवडीतून येणार नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ही नदी फक्त रेवाखंडाची नाही, ती गोंडांची आणि भिलांचीही आहे. मग तिच्यावरच्या चित्रांना संस्कृत पुराणाच्या माळेत का ओवायचे? दिंडोरीजवळच्या पाटनगढचे जनगढ सिंह श्याम हे परधान गोंड. परधान हे यजमानांच्या घरोघरी जाऊन बाना वाजवत देवकथा गाणारे लोक. जनगढांनी त्या गाण्यातले देव १९८० नंतर कागदावर आणले, ठिपक्यांनी आणि रेघांनी भरलेले, आणि २००१ साली जपानमध्ये त्यांचा अकाली अंत होईपर्यंत एक संपूर्ण चित्रपद्धती उभी केली. आपल्या सिंधुदुर्गात पिंगुळीचे ठाकर चित्रकथी रामायण-महाभारतातल्या प्रसंगांच्या चित्रपोथ्या घेऊन गावोगाव जात आणि एकेक चित्र पुढे करत कथा सांगत. या दोन्ही ठिकाणी कथा चालली आणि चित्र तिच्याबरोबर चालले. म्हणून मी पुराण हा शब्द पोथीपुरता वापरत नाही. कथा आणि वाट यांना एकत्र बांधणारी जी कोणती रीत लोकांनी राखली, ती या अर्थाने पुराणच आहे. वेगडांची चित्रे संस्कृत पोथीपेक्षा परधानाच्या फिरस्तीला जवळची आहेत, असे कोणी म्हणाले तर मी ते आनंदाने मान्य करीन. माझा मुद्दा त्याने अधिकच पक्का होतो.

मराठी माणसाला हे सांगण्याचे वेगळे कारण आहे. पेशव्यांचे सागरचे सुभेदार १७८१ साली या मुलखात आले, पुढे नागपूरकर भोसल्यांचा अंमल १८१७ पर्यंत राहिला, आणि राज्य गेल्यावरही नर्मदेची ओढ राहिली. गरुडेश्वरी देह ठेवणारे वासुदेवानंद सरस्वती, ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ लिहिणारे गो. नी. दांडेकर, ‘नर्मदेऽ हर हर’ लिहिणारे जगन्नाथ कुंटे यांच्यामुळे परिक्रमा हा मराठी वाचनाचा भाग झाला. आज परिक्रमेच्या वाटेवर मराठी बोली सर्रास ऐकू येते. या साऱ्या लेखनात अनुभव उदंड आहे. साक्षात्काराच्या, संकटाच्या, अवचित भेटलेल्या मदतीच्या कथा पानोपानी आहेत. पाहणे त्या मानाने थोडे आहे. काठावरच्या घराचे छप्पर कसे होते, होडीचा बांधा कसा होता, पाणी भरायची वाट कुठून उतरत होती, हे क्वचितच सापडते. वेगडांच्या रेखाटनांत ते आहे.

आणि आता ते इतरत्र पाहायला मिळणार नाही. १९७७ साली वेगड ज्या जबलपूर-मंडला वाटेने गेले तिच्या मोठ्या भागावर १९९० साली पूर्ण झालेल्या बरगी धरणाचे पाणी आहे. या एका जलाशयाने १६२ गावे बाधित झाली. पुढे इंदिरा सागर धरणाने हरसूद गाव घेतले. सरदार सरोवरात शूलपाणेश्वराचे जुने देऊळ आणि आपल्या अक्कलकुवा-अक्राणीची नदीकाठची गावे गेली. परिक्रमेची वाट आज कितीतरी ठिकाणी काठ सोडून डांबरी रस्त्याने जाते. नदी उजव्या हाताला असते, पण दिसत नाही. धरणांच्या बाजूने आणि विरोधात बोलण्याची ही जागा नाही. एवढे मात्र निश्चित की बुडालेल्या घाटांची जी थोडी विश्वासार्ह चित्रे आपल्यापाशी आहेत, त्यांत ही रेखाटने मोडतात, आणि ती विश्वासार्ह आहेत ती त्यांच्यामागच्या नेमामुळे. चांगल्या दृश्याच्या मोहाने वाट न सोडणाऱ्या माणसाची ती साक्ष आहे.

म्हणून या सभेपुढे दोन मागण्या ठेवतो. वेगडांची रेखाटने पुस्तकाच्या मजकुरापासून वेगळी काढून, ज्या क्रमाने ते चालले त्या क्रमाने, गावाचे नाव, तट आणि साल यांसह एका संग्रहात छापली जावीत. आज पाण्याखाली असलेल्या गावांची नोंद त्याच पानावर असावी. हे काम जबलपूरनेच करायचे आहे, आणि इथल्या मराठी संस्थांनी त्यात पैसा आणि माणसे द्यावीत. दुसरी मागणी येत्या हिवाळ्यात परिक्रमेला निघणाऱ्यांकडे आहे. झोळीत एक वही आणि पेन्सिल ठेवा. रेषा कच्ची असली तरी चालेल. मुक्कामाला पोचल्यावर जे दिसेल ते काढा आणि खाली गाव, तट आणि तारीख लिहा.